संगणक देखभाल व साहाय्य सेवेतील व्यवसायासाठी महाविद्यालयाची निवड : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यालयांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, पोराला कॉम्प्युटरला घालायचंय. कुठं घालू?" विचारणारा पालक पाथर्डी वा जामखेडकडचा कोरडवाहू शेतकरी असेल, ऊसतोडीला जाणारा मजूर असेल किंवा नागापूर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार असेल. 'कॉम्प्युटर' या एका शब्दात त्याच्या लेखी प्रोग्रामिंगपासून प्रिंटरच्या दुरुस्तीपर्यंत सारे काही येते. त्याला मिळणारे उत्तरही तितकेच ढोबळ असते. ज्या महाविद्यालयात प्रश्न विचारला गेला तेथील अभ्यासक्रमाचे नाव सांगितले जाते, माहितीपत्रक हाती दिले जाते आणि पुढील तीन वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत होऊन जातो. अशा घरांत प्राध्यापकाचा शब्द बहुधा अखेरचा ठरतो. म्हणूनच तो शब्द देण्यापूर्वी काय पाहावे, याचा विचार आपण करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेख संगणक क्षेत्रातील एकाच उपशाखेपुरता, म्हणजे देखभाल व साहाय्य सेवेपुरता मर्यादित आहे. या व्यवसायाला बोलीत 'सपोर्ट' म्हणतात. प्रतिपादन असे की, या व्यवसायासाठी महाविद्यालय निवडताना अभ्यासक्रमाचे नाव दुय्यम आहे. विद्यार्थ्याच्या हाती बिघडलेले यंत्र किती वेळा येते आणि त्याला मिळणाऱ्या प्रमाणपत्राने पुढचे कोणते दार उघडे राहते, हे दोन प्रश्न प्रथम विचारावयाचे आहेत. (जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. अनेक संस्थांच्या नावांत मात्र जुने नाव टिकून आहे, त्यामुळे लेखात दोन्ही नावे येतील.)

साहाय्य सेवा म्हणजे काय

संगणक साहाय्य म्हणजे दुय्यम प्रतीचे प्रोग्रामिंग, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. प्रोग्रामिंग न जमणाऱ्याने हार्डवेअरकडे वळावे, असा सल्ला विभागांतून सर्रास दिला जातो. हा समज व्यवसायाच्या स्वरूपाशी जुळत नाही. प्रोग्रामर नवे काही घडवतो. साहाय्य सेवक बंद पडलेले चालू करतो आणि तेही समोर अडलेला माणूस उभा असताना. पहिल्याला एकान्त लागतो, दुसऱ्याला संवाद.

मोठ्या कंपन्यांत या कामाच्या पातळ्या ठरलेल्या असतात. पहिल्या पातळीवरचा कर्मचारी दूरध्वनीवर तक्रार नोंदवतो आणि सोपा दोष तेथेच दूर करतो. दुसऱ्या पातळीवरचा प्रत्यक्ष यंत्रापाशी जातो. तिसऱ्या पातळीवर सर्व्हर, नेटवर्क आणि सुरक्षेचे जाणकार असतात. या व्यवहाराची परिभाषा मुख्यत्वे 'आयटिल' या नियमसंहितेतून आली. १९८० च्या दशकात ब्रिटिश शासनाने आपल्या कार्यालयांसाठी ती तयार करवून घेतली होती. तक्रार एका घटनेची आहे की अनेक घटनांमागील मूळ कारणाची, हा भेद तिने रुजविला. तोच भेद विद्यार्थ्याला सर्वांत उशिरा उमगतो.

आपल्या जिल्ह्यात मात्र या तीनही पातळ्या बऱ्याचदा एकाच माणसाच्या खांद्यावर असतात. साखर कारखान्याचे उदाहरण घ्यावे. गळीत हंगामात वजनकाट्याचा संगणक रात्री बंद पडला की ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. उभ्या गाडीतला ऊस वाळतो, वजन घटते, आणि खोळंबलेल्या तोडणी मजुराचा दुसरा दिवस हुकतो. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारे यंत्र आणि संगणक यांच्यातील जोडणी तुटली तर सकाळचे संकलन हाताने लिहावे लागते. पतसंस्थेच्या शाखेत, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर, आपले सरकार सेवा केंद्रात, सुपे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात, आडत दुकानातील टॅलीवर अशा तक्रारी रोज उद्भवतात. त्यांतील कितीतरी बिघाड संगणकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाहीत. सदोष अर्थिंग, कमी-जास्त होणारा विद्युतदाब, थकलेली यूपीएसची बॅटरी, कॅबिनेटमध्ये साचलेली धूळ आणि उंदरांनी कुरतडलेली केबल ही आपल्याकडील नेहमीची कारणे होत.

अशा ठिकाणी अर्धशिक्षित तंत्रज्ञ काय करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो 'फॉरमॅट मारतो'. यंत्र चालू होते, कॉल बंद होतो आणि पतसंस्थेच्या खात्यांच्या नोंदी, बॅकअप नसेल तर, कायमच्या जातात. साहाय्य सेवेचे शिक्षण म्हणजे फॉरमॅट मारण्याआधीच्या अर्ध्या तासाचे शिक्षण होय.

प्रवेशाचे मार्ग आणि नावांचा गोंधळ

दहावीनंतर दोन सरळ मार्ग आहेत : औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतन.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणकाशी निगडित व्यवसायांपैकी 'कोपा', म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, सर्वांत परिचित आहे. हा व्यवसाय एक वर्षाचा आहे आणि त्याचा भर यंत्र चालविण्यावर आहे. हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा स्वतंत्र व्यवसाय राष्ट्रीय यादीत आहे. शिवाय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान प्रणालीच्या देखभालीचा दोन वर्षांचा व्यवसायही आहे. एक वर्ष आणि दोन वर्षे यांतील फरक पालकाला किरकोळ वाटतो, पण तो निर्णायक आहे. पदविकेच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळण्यासाठी दहावीनंतर दोन वर्षांचे औद्योगिक प्रशिक्षण लागते. कोपा केलेल्या मुलाला केवळ त्या प्रमाणपत्रावर ही वाट मिळत नाही. 'एका वर्षात मोकळा होशील' असे सांगताना ही बाब सांगितली गेली पाहिजे. यांपैकी कोणता व्यवसाय कोणत्या संस्थेत चालू आहे हे वर्षागणिक बदलते. प्रवेशाच्या वेळी संस्थेत जाऊनच त्याची खात्री करावी.

तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची असते. मंडळाने २०२३-२४ पासून लागू केलेल्या नव्या अभ्यासक्रम योजनेत उद्योगातील प्रशिक्षणाला पूर्वीपेक्षा मोठे स्थान आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाचे दार उघडे राहते. दहावीला बरे गुण असलेल्या आणि सपोर्टकडे कल असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तरीही पालकांना तो पटविणे अवघड जाते. बारावी न करता पदविका घेणे म्हणजे शिक्षण अर्धवट सोडणे, असे अनेक घरांत मानले जाते.

खरा गोंधळ आहे तो बारावीनंतरच्या पदवीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तीन अभ्यासक्रम शेजारी शेजारी नांदत आले : बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स), विज्ञान विद्याशाखेतील बी.सी.ए. आणि वाणिज्य विद्याशाखेतील बी.सी.ए. यांतील शेवटचा पुढे बी.बी.ए. (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) या नावाने ओळखला जाऊ लागला. तिन्हींच्या वर्गांतून सी, जावा आणि डेटाबेस शिकविले जाते, म्हणून ते सारखेच, असे समजून सल्ला दिला जातो. साहाय्य सेवेच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. २०१९ च्या रचनेतील बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) मध्ये पहिल्या दोन वर्षांत इलेक्ट्रॉनिक्स हा विषय होता, तोही प्रात्यक्षिकांसह. मल्टिमीटर हाती धरण्याची, डाळ देण्याची आणि पॉवर सप्लाय तपासण्याची सवय येथे लागू शके. अर्थात, त्यासाठी बारावीला गणितासह विज्ञान शाखा हवी. बी.बी.ए. (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला राहिला. त्यातील लेखाकर्म आणि व्यावसायिक संवाद या विषयांना संगणकाचे विद्यार्थी नाक मुरडतात. पण ज्या जिल्ह्यात ग्राहक म्हणजे पतसंस्था, आडते आणि कृषी सेवा केंद्रे आहेत, तेथे जमाखर्च न कळणारा सपोर्ट इंजिनिअर अर्धाच उपयोगी पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून पदवीच्या प्रथम वर्षाची रचना बदलली. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स अनिवार्य आहे की ऐच्छिक, हे त्या त्या महाविद्यालयाच्या विषयांच्या यादीत पाहूनच सल्ला द्यावा.

त्याच वर्षी दुसरा बदल घडला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बी.सी.ए. आणि बी.बी.ए. हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेच्या कक्षेत घेतले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने २०२४ मध्ये त्यांसाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा घेतली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून ते परिषदेच्या कक्षेबाहेर ठेवले. नाव बदलले, वर्ग तोच, शिक्षकही तेच! प्रशासकीय सोय म्हणून हे समजण्यासारखे असले तरी विद्यार्थ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. ती सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. प्रवेश परीक्षा टळली म्हणून आनंदलेल्या मुलीला सवलतही टळल्याचे शुल्काच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी कळावे, हे योग्य नव्हे. 'प्रवेश परीक्षेतून आहे की थेट, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत या अभ्यासक्रमाचे नेमके नाव आहे का' हे आधी लेखी विचारून घेण्यास पालकाला सांगावे.

आधीच कामाला लागलेल्या विद्यार्थ्यासाठी १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा पर्याय आहे. औद्योगिक प्रशिक्षण, मग नोकरी आणि तिच्यासोबत मुक्त विद्यापीठाची पदवी, असा क्रम आर्थिक ओढगस्तीतल्या घराला परवडतो. आपण तो फारसा सुचवीत नाही, कारण त्यात आपल्या महाविद्यालयाची एकही जागा भरत नाही.

प्रयोगशाळेत काय पाहावे

माहितीपत्रकात संगणकांची संख्या, इंटरनेटचा वेग आणि नॅकची श्रेणी असते. नॅकचे मूल्यमापन संस्थेच्या एकूण कामकाजाचे असते. विद्यार्थ्याने कधी रॅम बदलली का, हे त्यातून कळत नाही. ते कळण्याची जागा वेगळी आहे.

महाविद्यालयातील यंत्रे दुरुस्त कोण करते, एवढा एकच प्रश्न विचारावा. बहुतेक ठिकाणी उत्तर असते : वार्षिक देखभाल करार. बाहेरचा तंत्रज्ञ येतो, बंद खोलीत दुरुस्ती करतो आणि सही घेऊन जातो. त्या वेळी शेजारच्याच वर्गात 'संगणकाची रचना' या विषयावर फळ्यावर आकृती काढली जात असते. करार करणे गैर नाही. परंतु तंत्रज्ञासोबत दोन विद्यार्थी बसतील आणि दोषाची नोंद वहीत लिहितील, अशी अट करारात घालण्यास काहीच खर्च येत नाही. अशी वही ज्या प्रयोगशाळेत आहे, ती प्रयोगशाळा या व्यवसायासाठी चांगली. तारीख, यंत्राचा क्रमांक, तक्रार, आढळलेले कारण, केलेला उपाय आणि लागलेला वेळ या नोंदी विद्यार्थ्याच्या अक्षरात असाव्यात. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ती वही अधिक बोलते.

दुसरी अडचण जडवस्तू संग्रह नोंदवहीची. नोंदवहीवरील यंत्र विद्यार्थ्याने उघडले आणि काही मोडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने प्रयोगशाळा साहाय्यक कॅबिनेटला हात लावू देत नाहीत. लेखापरीक्षणाचा धाक खरा आहे. त्यावर मार्ग निर्लेखनाचा आहे. दर काही वर्षांनी जुनी यंत्रे निर्लेखित होऊन भंगारात जातात. त्यांतील पाच-सहा यंत्रे समितीच्या ठरावाने सरावासाठी राखून ठेवता येतात. विद्यार्थ्याने ती शंभर वेळा खोलावीत आणि जोडावीत.

सध्या तर आयती संधी आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. अनेक प्रयोगशाळांतील जुनी यंत्रे या कसोटीवर उतरत नाहीत. कोणते यंत्र नव्या आवृत्तीवर न्यावे, कोणत्यावर लिनक्स बसवावे, कोणते इंटरनेटपासून तोडून फक्त सरावाला ठेवावे आणि कोणते मोडीत काढावे, हे ठरविणे म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी जिवंत प्रकल्प होय. ज्या महाविद्यालयाने हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तेथे मुलाला बिनधास्त पाठवावे. ज्याने ते कंत्राटदाराला देऊन टाकले, त्याच्याविषयी दोनदा विचार करावा.

अंतर, भाषा आणि खासगी वर्ग

जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांची मांडणी पाण्यामागे गेलेली आहे. अहमदनगर महाविद्यालय १९४७ पासून नगर शहरात आहे. पण १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. ही तिन्ही ठिकाणे सहकारी साखर कारखानदारीची, उत्तरेच्या बागायती पट्ट्यातील होत. दक्षिणेकडील जामखेड, कर्जत आणि पाथर्डीच्या विद्यार्थ्याला आजही तांत्रिक शिक्षणासाठी लांबचा पल्ला गाठावा लागतो. जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर आहे. रोज एसटीने जा-ये करणारी मुलगी दुपारच्या प्रात्यक्षिकाला थांबली की शेवटची गाडी हुकते. म्हणून ती प्रात्यक्षिक बुडविते. अशा विद्यार्थिनीच्या बाबतीत वसतिगृहाची सोय हाच महाविद्यालय निवडीचा पहिला निकष ठरतो, मग प्रयोगशाळा कितीही चांगली असो.

पुण्याला जावे काय, हाही प्रश्न येतो. सुमारे १२० किलोमीटरवरचे पुणे नोकरीसाठी अटळ असले तरी शिक्षणासाठी अटळ नाही. पुण्याच्या हेल्प डेस्कवर पहिल्या दिवसापासून इंग्रजीत बोलावे लागते, ही तेथे जाणाऱ्या मुलांची मुख्य भीती असते. ती खरी आहे, पण तिचा उपाय पुण्यातले महाविद्यालय हा नव्हे. दोषाचे वर्णन चार स्वच्छ वाक्यांत लिहिण्याचा आणि ते दूरध्वनीवर सांगण्याचा सराव कोणत्याही विभागात आठवड्यातील एका तासात देता येतो. मराठीत तक्रार नीट ऐकून घेता येणे हेही कौशल्यच आहे. ग्राहक 'मशीन हँग होतंय' एवढेच म्हणतो, आणि त्यामागील नेमका दोष चार-पाच प्रश्न विचारून शोधावा लागतो.

खासगी वर्गांविषयी थोडे सांगितले पाहिजे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएससीआयटीने संगणक साक्षरता गावोगावी नेली, हे निर्विवाद. शासकीय भरतीत ते वा समकक्ष प्रमाणपत्र मागितले जाते. पण ते साक्षरतेचे प्रमाणपत्र आहे, तंत्रज्ञाचे नव्हे. तंत्रज्ञासाठी कॉम्पटियाचे ए प्लस आणि नेटवर्कसाठी सिस्कोचे सीसीएनए ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची प्रमाणपत्रे होत. दोहोंची मुदत तीन वर्षांची असते. पदवीच्या पहिल्या वर्षातच ती परीक्षा देणाऱ्याचे प्रमाणपत्र नोकरी शोधण्याच्या सुमारास मुदतबाह्य होत आलेले असते. शेवटच्या वर्षी परीक्षा द्यावी, हे साधे गणित वर्गचालक सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. ज्या वर्गाच्या फलकावर ते अजून झळकत असेल, तेथे आणखी काय जुने शिकविले जात असेल याचा अंदाज करावा. 'नोकरीची शंभर टक्के हमी' देणाऱ्याला ती हमी पावतीवर लिहून मागावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या शुल्क परताव्याच्या नियमांचे संरक्षण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आहे : प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास जवळजवळ संपूर्ण शुल्क परत मिळते आणि मूळ कागदपत्रे संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. खासगी वर्गाला हे नियम लागू नाहीत. तेथे एकरकमी शुल्क भरू नये.

कार्यस्थळावरील प्रशिक्षण

शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयातील अभ्यासक्रम आराखड्याने कार्यस्थळावरील प्रशिक्षणाला श्रेयांक दिले. साहाय्य सेवेसाठी हे वरदान ठरू शकते. बहुतेक ठिकाणी मात्र विद्यार्थी ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतो, आणि आपण तो स्वीकारतो. महाविद्यालयाची पारख करताना मागील वर्षीचे विद्यार्थी कोठे प्रशिक्षणाला गेले, त्या ठिकाणांची यादी मागावी. यादीत पतसंस्था, रुग्णालय, कारखाना आणि दूध संघ असतील, प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शकाचे नाव असेल आणि प्राध्यापकाने किमान एकदा भेट दिल्याची नोंद असेल, तर ते शिक्षण खरे.

पतसंस्थांशी अशी व्यवस्था करताना एक काळजी घ्यावी लागते. दुरुस्तीला बसलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेसमोर ठेवीदारांची खाती, कर्जदारांची थकबाकी, आधार क्रमांक येतात. गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात. कोणाचे कर्ज थकले ही बातमी पारावर पोहोचण्यास संध्याकाळही पुरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या माहितीची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. म्हणून महाविद्यालय, संस्था आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांचे पत्र प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी करावे. कोणत्या यंत्राला हात लावायचा, कोणत्या खात्याने लॉग इन करायचे, पेन ड्राइव्ह न्यायचा की नाही आणि काम संपल्यावर पासवर्ड कोणी बदलायचा, एवढे चार मुद्दे त्यात असले तरी पुरे. ते पत्र मराठीत असावे, म्हणजे शाखाधिकाऱ्यालाही ते वाचता येईल आणि विद्यार्थ्याच्या वडिलांनाही.